सतरावं टॅकल

सोमवार, दुपार

प्रिय डेन,

शनिवारच्या सामन्यात तुझ्या नावावर सोळा नाही, सतरा टॅकल लागली आहेत, चेंडू घेऊन पळणाऱ्याला सतरा वेळा पाडल्याची नोंद. तुमच्या विद्यापीठाचे आकडे ठेवणाऱ्या लोवेल प्रुइटने काल फोनवर पक्कं सांगितलं. चित्रफीत पुन्हा पाहताना त्याला एक राहून गेलेलं सापडलं. म्हणजे विद्यापीठाच्या विक्रमाशी तुझी बरोबरी झाली. आता पुढच्या वेळी पत्रकार कक्षात डोनट मी आणायचे, असंही लोवेलने बजावलं. मी बातमीत सोळाचे सतरा केले, ती वेळेत पाठवली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले.

गावात तुझ्याशिवाय विषय नाही. चर्चनंतर खालच्या सभागृहात पिरोगी खायला सगळे जमले होते. म्हातारा युरिक आपल्या बाबांना म्हणाला, "एमिल, तुझ्या पोराच्या संघातले बाकीचे दहा जण काय तिकीट काढून आले होते?" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. घर आल्यावर मात्र एवढंच म्हणाले, की शेवटच्या भागात डेनचे पाय डेनचे वाटत नव्हते. आयुष्यभर कारखान्याच्या भट्टीवर राबलेला आणि टीव्हीपुढे झोपणारा माणूस. मला वाटलं होतं ते मला एकटीलाच दिसलंय.

तुला आठवतं, दुसऱ्या वर्षी तुमचा संघ जिंकला आणि तुझ्या नावावर जेमतेम दोन टॅकल होती? मी बातमीसाठी फोन केला, तर तू चिडला होतास. म्हणालास, "मी जिथे उभा असतो तिथे कुणी चेंडू घेऊन येतच नाही, मार्ला. त्याचा आकडा कोण मांडणार?" त्यावर तासभर वाद घातलास. गड्याला पहिल्याच पावलावर आडवा केला काय आणि आठ यार्ड पळू देऊन मागून ओढला काय, कागदावर टॅकल एकच. दोघांनी मिळून पाडला तरी दोघांच्या नावावर एकेक. आपल्या मैदानावर आकडे मांडणारीही आपलीच माणसं, त्यामुळे पडलेल्या गड्यांच्या ढिगाऱ्याला ज्याचा हात लागला त्यालाही एक. आपली जागा सोडून ढिगाऱ्यामागे पळणारा बचावपटू कागदावर मोठा होतो, आणि जागा न सोडणाऱ्याच्या जिवावर संघ जिंकतो, असं तूच म्हणाला होतास. मी ते तुझं नाव न घालता छापलं, तर तुमचे प्रशिक्षक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग या वसंतात तो व्यावसायिक संघाचा माणूस येऊन गेला. मुलगा चांगला आहे, पण आकडे कमी आहेत, एवढंच तो बोलला. त्यानंतर तू बदललास. जागा सोडायला लागलास. खांदा लावायच्या आधी डोकं घालायला लागलास, कारण डोकं आधी पोचतं. आकडे वाढत गेले. मी गप्प बसून बघत होते, आणि दर शनिवारी माझी भीती थोडी वाढत होती. शनिवारी दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला समोरच्या संघाच्या त्या धिप्पाड धावपटूच्या गुडघ्यावर तुझं डोकं आपटलं. तू लगेच उठलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या नावावर एक लागलं.

शेवटची काही मिनिटं राहिली की आम्ही पत्रकार वरच्या कक्षातून खाली मैदानाच्या कडेला येतो, हे तुला माहीत आहे. तशी मी आले. तू बचावाला इशारा देत होतास. तुमच्याकडे इशारे रंगांच्या नावांचे असतात. तू ओरडलास, "ब्रुनो, ब्रुनो." डेन, ब्रुनो हा गावातल्या शाळेच्या स्टेंगल सरांचा कुत्रा. तू सरांच्या संघात खेळायचास तेव्हा सगळे इशारे त्यांच्या कुत्र्यांच्या नावांचे असायचे, आणि ब्रुनो म्हणजे सगळ्यांनी डावीकडे सरका. ते सामनेही मीच लिहायचे, म्हणून मला ते कळलं. तुमच्या टेरेलला वाटलं तू मस्करी करतोयस. तो हसत म्हणाला, "कोण ब्रुनो रे?" तू त्याच्याकडे असा पाहिलास, जणू हा कुठला पाहुणा तुमच्या संघात येऊन उभा राहिलाय. तेवढ्यात चेंडू सुटला, गडी पळाला, इतरांनी त्याला धरला आणि तू त्या ढिगाऱ्यावर जाऊन पडलास. काल मी ती चित्रफीत परत परत पाहिली. तू कुणाला धरत नव्हतास. पळतही नव्हतास. तुझा तोल गेला होता आणि ढिगारा मध्ये आला. लोवेलला राहून गेलेलं सापडलं ते हेच, सतरावं. तो काही चुकला नाही. नियमाने ते टॅकलच आहे. धावत आलेला कोण आणि कोसळलेला कोण, हे त्या कागदावर कुठे लिहायचं?

शनिवारी संध्याकाळी तुला फोन केला, तेव्हा तू आधी विचारलंस, बाबांची भट्टीवरची पाळी सुटली का. मला वाटलं चेष्टा. थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलंस. भट्टी बंद होऊन बाबा घरी बसले त्याला तीन वर्षं झाली, डेन. काल बोललास तेव्हा सगळं नीट होतं. म्हणालास, डोकं जरा जड आहे, झोपलो की जाईल, आणि कुणाला बोलू नकोस, शनिवारी शेवटचा सामना आहे, व्यावसायिक संघाची माणसं पुन्हा येणार आहेत. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तुझ्या लक्षात आलं का ते, माहीत नाही.

आज सकाळी मी तुमच्या संघाच्या डॉक्टर बेलिंजरना भेटून सगळं सांगितलं. ब्रुनोचं, बाबांच्या पाळीचं, डोकं जड असल्याचं. तुला न विचारता. हे पत्र त्यांच्याचकडे ठेवते आहे, म्हणजे तुझ्या हातात ते पडेल तेव्हा मंगळवारची सकाळ असेल आणि तुझं हेल्मेट त्यांनी कपाटात घालून कुलूप लावलेलं असेल. तुमच्यासारखे गडी नजर चुकवून मैदानात पळतात म्हणून आधी हेल्मेट काढून घेतात, असं त्या म्हणाल्या. मग त्या तुला सध्या कोणता महिना चालू आहे ते विचारतील, काही शब्द उलटे म्हणायला लावतील, डोळ्यांत उजेड टाकतील. शनिवारी तू खेळणार नाहीस हे जवळपास ठरलंय. त्यापुढचं त्यांनाही सांगता येत नाही. बाबा आणि मी बाहेर बाकावर बसलेले असू. तू दार आपटत येशील, मला वाटेल ते बोलशील. बोल. फक्त आधी मला माझ्या नावाने हाक मार.

तुझी बहीण,
मार्ला