हात लाऊ नये

रविवार, ३ मार्च. संध्याकाळचे ६ वाजून ४० मिनिटे. दादाचा गिटारचा ॲम्प पलंगावर ठेवून मागची फळी उघडतो आहे. दादा कामासाठी परगावी गेला आहे, १८ तारखेला येईल. तोवर ॲम्प रोज पुसायचा, वाजवायचा नाही, असं ठरलं आहे. आत त्याने पट्टी चिकटवली आहे : 'हात लाऊ नये'. 'लाऊ' चूक. 'लावू' हवं. पेनने दुरुस्त केलं. तेवढंच. फळी बंद.

४ मार्च. फळी पुन्हा उघडली. वाजवून पाहिला, केवळ तपासणी म्हणून. खरखर येते. आत काचेच्या तीन ट्यूब आहेत, औषधाच्या बाटल्यांएवढ्या. तापल्या की नारिंगी दिसतात. वाद्यांचा दुकानदार म्हणाला, ट्यूब बदला, आवाज मधासारखा होईल. दादाला सरप्राइज! याला हात लावणं म्हणत नाहीत, सेवा म्हणतात.

६ मार्च. दादाने आईच्या चष्म्यासाठी माझ्याकडे २५०० ठेवले होते. ट्यूबचे २४०० झाले. आईला सांगितलं, काच अजून आलेली नाही. ती म्हणाली, येईल रे, मला कुठे परीक्षेला बसायचंय. काच तशी आली आहे. तीन नग. डोळ्यांची नाही, एवढंच.

७ मार्च. ट्यूब बदलल्या. आवाजाची ऊब : दहापैकी साडेसात. खरखर आहे, पण तीही उबदार वाटते.

११ मार्च. आईने भाजीत मिठाऐवजी साखर घातली. मी गुपचूप दोनदा वाढून घेतली. ती म्हणाली, एवढी आवडली तर उद्याही करते.

१२ मार्च. केली.

१३ मार्च. संकल्प : ट्यूब परत करून चष्मा आणायचा. दुकानदार म्हणाला, उष्ट्या ट्यूब कोण घेणार? निदान जुन्या तरी जागेवर बसवाव्यात म्हणून ओल्या फडक्याने स्वच्छ पुसल्या. वरची अक्षरंही पुसली गेली. आता तिन्ही तिळ्यांसारख्या. कोणती कुठली, कळायला मार्ग नाही. नव्याच राहू देतो. निर्णय पक्का.

१७ मार्च. उद्या दादा आला की सगळं सांगायचं. जेवणाआधी.

१८ मार्च, दुपारी ४. दादा आला. जेवण झालं. त्याने गिटार जोडली, खरखर झाली. त्याने वायर उपटून दुसरी लावली. खरखर गेली. म्हणाला, ही मेलेली वायर जातानाच फेकायची होती. आवाज कसा वाटतो, असं मी सहज विचारलं. म्हणाला, कसा म्हणजे? नेहमीसारखा.

जीव भांड्यात पडला. न सांगण्याचं ठरवलं.

मग त्याने आतल्या धुळीवर फुंकर मारायला मागची फळी काढली आणि पट्टी वाचली. विचारलं, हे 'लावू' कोणी केलं? घरात शुद्धलेखन पाहणारा एकच माणूस आहे. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तेवढ्यात आई आली. पट्टीजवळ वाकली, मागे सरकली, पुन्हा वाकली. म्हणाली, मला तर काहीच दिसत नाही रे बाबा. चष्म्याची काच आली की बघू.

दादाने माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी ७. हिशेब.
ट्यूब : २४००.
शिल्लक : १००.
दादाचं देणं : २४०० आणि नाव पुसलेल्या तीन ट्यूब.
आईचं देणं : चष्मा.
नवी वायर, दुकानात आत्ताच विचारून आलो : ९०.