आत्याने घेतलेलं नाव

प्रिय भुवनाअक्का,

तुझे वडील, माझे काका, गेले. काकी तर आधीच गेलेली. दुकान मी चालवते, पण रेशनचा परवाना पुतणीच्या नावे होत नाही, असं ओरत्तनाडूच्या कचेरीत साहेबांनी सांगितलं.

"पोटचं मूल कोणी आहे?" त्यांनी विचारलं.

तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हापासून काकांनी घरात तुझं नाव काढू दिलं नव्हतं. नाही म्हटलं तर दुकान परक्याकडे जाणार होतं. आहे म्हणायची छाती होईना.

"आहे," शेजारून आत्या एकदम म्हणाली. "भुवना. माझ्या भावाची मुलगी." आणि तिथेच रडू लागली.

हे पत्र मी टाकणार नाही. आत्या म्हणाली, "कागद कशाला? मीच जाते." तिला तुझ्या गावच्या बसमध्ये बसवून आत्ताच आले.

दार उघड, अक्का.

तुझी धाकटी,
जननी