औषधानं उपास मोडत नाही

आई, तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि मला आज वाचा फुटतेय, तेही कागदावर.

शिंदे की छावनीतलं आपलं स्वयंपाकघर, दोन शेगड्या, कॉलेजच्या पोरांचे बारा डबे आणि तू एकटी. माझ्या परीक्षेच्या दिवसांत तरतरी यावी म्हणून मी टोपी बाजारातून गोळ्या आणायचे, डॉक्टरची चिठ्ठीबिठ्ठी कोण मागतंय! एकदा तू थकून भिंतीला टेकलेली दिसलीस आणि मी मोठ्या शहाणपणानं अर्धी गोळी तुझ्या हातावर ठेवली. दुपारी तू गुणगुणत पोळ्या लाटत होतीस. मग तूच मागू लागलीस, "अगं, ती तुझी जादूची गोळी दे ना." अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. तुझे पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली. तू म्हणायचीस, उभं राहून होतं गं. मीही तेच मानलं, कारण तेच सोयीचं होतं.

हरतालिकेला तू निर्जळी होतीस. डबे व्हायचे होते आणि तुझ्यात त्राण नव्हतं. मी गोळी पुढे केली. "उपास आहे ना गं." "औषधानं उपास मोडत नाही," मी म्हणाले. तू ती कोरडीच गिळलीस. पूजेची पत्री निवडताना बसल्या जागी कलंडलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. हरतालिकेला अहेव मरण, म्हणून छावनीतल्या बायका तुझ्या पायांवर डोकं ठेवून गेल्या. "वहिनींनी क्या किस्मत पाई," शेजारच्या काकू म्हणाल्या. बाबांना त्याचाच आधार वाटला. गोळीचं मी कुणालाच सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात तुझ्या नातीच्या बॅगेत तसल्याच गोळ्यांची पट्टी सापडली. तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, या गोळ्या हृदयाला सारखं पळवतात. ते आतून ढिलं पडत जातं, सूज येते, धाप लागते, आणि कधी धडधाकट माणूससुद्धा अचानक कोसळतो.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "मम्मी, सब लेते हैं, एकीनं काय होतंय?" तेव्हा मी तुझी गोष्ट सांगितली, पण ओळखीतली एक बाई म्हणून. ती घाबरली. म्हणाली, आता नाही घेणार. मग विचारलं, "पर उसको दी किसने?"

हे पत्र मी कुठे टाकणार? पण काय उत्तर दिलं, ते तुला कळायला हवं. मी म्हणाले, तिची तीच आणायची, कुणाचं ऐकायची नाही.