काळीज सैल पडतं तेव्हा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले बाई परभणीला एकदाची. पालमहून एसटीत शेजारच्या बाईंच्या मेथीनं माझी नवी ओढणी ओली केली, पण आज मला कशाचाच राग येत नाही. स्टँडवर ऋतुजा स्कूटी घेऊन उभी होती. इको, म्हणजे काळजाची सोनोग्राफी, काढायच्या कोर्समधली माझी मैत्रीण, दोन वर्षं एका ताटात जेवलेलो आम्ही. तिनंच शब्द टाकून मला इथल्या हृदयरोगाच्या दवाखान्यात टेक्निशियन म्हणून चिकटवलं.

खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं घर, मागच्या खोलीत आम्ही दोघी. डॉक्टर मोजकंच बोलतात. सगळा कारभार त्यांच्या बायकोच्या, विजयमाला काकूंच्या हातात. आल्या आल्या काकूंनी गरम धपाटे वाढले आणि माझ्या गळ्यातलं इष्टलिंग बघून, मी विचारायच्या आधीच पूजेसाठी कोपरा रिकामा करून दिला. रात्री अक्काला फोन करून म्हटलं, मला दुसरी आई मिळाली. आई गेल्यावर मला लहानाची मोठी केली ती या अर्पिता अक्कानंच, त्यामुळे ती जराशी फुगलीच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

इथली एक पद्धत मला फार आवडली. सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन नीट चालतंय का ते आमच्यातल्याच एकीला टेबलावर झोपवून बघायचं. ऋतुजा मलाच झोपवते, नवीन आलेलीचा मान म्हणे. माझी हरकत नाही. स्वतःचं काळीज चालताना कोणाला बघायला मिळतं?

आज पोखर्णीकडच्या केशरबाई आल्या होत्या, शेळ्या राखतात. पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं, हे आत नेमकं करतंय काय. मी मास्तरीणबाईंच्या थाटात सांगितलं. वरचे दोन कप्पे रक्त गोळा करणारे, खालचे दोन ढकलणारे. उजवीकडून रक्त फुप्फुसात जातं, तिथून ताजं होऊन डावीकडे येतं आणि डावा खालचा कप्पा ते अंगभर पाठवतो. लोकांना वाटतं काळजाचं काम म्हणजे आवळणं. पण आधी त्याला सैल पडावं लागतं. खालचा कप्पा सैल पडला की मधली झडप उघडते, रक्त आपसूक आत उतरतं, शेवटी वरचा कप्पा उरलंसुरलं खाली लोटतो. मग ती झडप मिटते, खालचा कप्पा आवळतो, दुसरी झडप उघडून रक्त बाहेर जातं. आमच्या पडद्यावर भरताना लाल दिसतं, बाहेर पडताना निळं. सगळंच बाहेर जात नाही, थोडं मागं राहतं, आणि लगेच पुढचा ठोका.

केशरबाई म्हणाल्या, मग हे शेळीसारखंच की. बिचकली की पान्हा चोरते, आधी पाठीवरून हात फिरवावा लागतो. मी दिवसभर हसत होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा काकू मला वर बोलावतात. चटई टाकतात, पंखा लावतात आणि मी आडवी झाले की पाठीवर हात ठेवून बसतात. लगेच डोळा लागतो. अशी झोप मला आई गेल्यापासून लागली नव्हती. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, येऊ दे.

काकू स्वतः आजारी आहेत, हे आज कळलं. म्हणाल्या, "पोरी, माजं काळीज आकडलंय. आवळायचं तेवढं आवळतंय, सैल व्हायचंच विसरलंय." असं होतं काहींचं. स्नायू ताठर झाला की कप्पा नीट भरत नाही, मग चार पायऱ्यांत धाप लागते. पण मी जवळ झोपले की त्यांना बरं वाटतं म्हणे. ऋतुजा मात्र दुपारी वर कधी येत नाही, काहीतरी काम काढून बाजारात जाते. मी चिडवलं, तुझी जागा मी पटकावली म्हणून जळतेस. ती हसली नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जिन्यात धाप लागली. मला, या वयात! हात गार पडतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. काकूंनी चुरमुरे भिजवून फोडणीचा सुशीला केला, खजूर दिले, जास्त वेळ झोप म्हणाल्या. काकूंचा चेहरा मात्र टवटवीत झालाय. आज गच्चीपर्यंत भराभर चढून गेल्या.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्रीचा उपास होता, म्हणून अशक्तपणा असेल असं स्वतःला समजावत टेबलावर डाव्या कुशीवर झोपले. ऋतुजानं छातीवर मशीन धरलं. आज काकूही खाली आल्या होत्या. नेहमीसारखा पाठीवर हात ठेवला. मला लगेच शांत वाटलं.

मी पडद्याकडे बघत होते. काळीज सैल पडलं. झडप उघडली. लाल उतरलं, कप्पा भरला. आणि आवळायच्या आधीच रिकामा झाला. बाहेरची झडप उघडलीसुद्धा नव्हती. मग कप्पा आवळला, तर निळी नुसती एक रेघ. पुढचा ठोका तसाच. त्याच्या पुढचाही.

काकूंचा फोन वाजला, त्यांनी हात काढला. त्याच क्षणी पडदा निळ्यानं भरून गेला.

मी ऋतुजाकडे बघितलं. तिनंही सगळं बघितलं होतं. ती दचकली नाही. गुपचूप पडदा दुसरीकडे वळवला. मला काकूंच्या हातापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

गच्चीवर तिला गाठलं. आधी रडली, मग बोलली. वर्षभर ती झोपत होती त्या चटईवर. एकदा तिलाही पडद्यावर दिसलं, आणि तेव्हापासून भीतीनं तिचं काळीज काकूंच्या जवळ जाताच धावायला लागलं. धावणाऱ्या काळजाला भरायला वेळच मिळत नाही. काकूंनी सांगितलं, तुझ्या जागी दुसरी आण, मग तुला हात लावणार नाही.

"भ्यालेल्या काळजातनं त्येंना काहीच मिळत न्हाई," ती म्हणाली. "तुजा माज्यावर लय भरवसा, म्हणून तुलाच बोलावलं."

म्हणजे धपाटे, पूजेचा कोपरा, चटई, पंखा, सगळं मला सैल पाडायला. आणि माझी मैत्रीण मला आणून देणारी. मी तिला मारायला हवं होतं. हातात तेवढा जोर नव्हता.

उद्या पालम. पहिली एसटी.

शनिवार, १ मार्च

पोचले नाही. स्टँडवर बस दिसली आणि जीव भांड्यात पडला — तिथंच चक्कर आली. जाग आली तर याच दवाखान्यात. लोक चांगले हो. माझ्या गळ्यात इथलंच ओळखपत्र, हृदयाचा त्रास दिसतोय, मग रिक्षावाला दुसरीकडे नेईल कशाला?

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी नाडी बघितली, म्हणाले घाबरलीस म्हणून धडधडतंय. त्यांना खरंच माहीत नाही की माहीत करून घ्यायचं नाही? धडधड कमी करायची गोळी लिहून दिली.

ती गोळी घेतली की ठोके संथ पडणार. संथ पडले की भरायला वेळ. काकूंना हवं तेच.

गोळी गालात धरली, नंतर थुंकली.

रविवार, २ मार्च

काकू दाराशी आल्या की मी वाईट वाईट आठवते. आईची तिरडी. विहिरीत पडले होते ते. काळीज लगेच धावतं. त्या हात ठेवतात — थोडा वेळ — काढतात. कपाळाला आठ्या. आज त्यांना जिन्यात धाप लागलेली ऐकली.

भीती आहे तोवर मी आहे.

पण भिऊन भिऊन किती — अंग थकलंय. झोप नको. झोप आली की —

ऋतुजा खोलीतलं सामान घेऊन गेली. मला भेटलीही नाही.

सोमवार, ३ मार्च

अक्का आली.

काकूंनीच फोन करून बोलावलं तिला. मी तिला सगळं सांगितलं, हातापाया पडले, आत्ताच्या आत्ता घरी ने म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग बाहेर जाऊन काकूंशी बोलून आली. डोळे पुसत आली. बाळ भ्यालंय म्हणाल्या त्या. दोन दिवस शांत निजली की बरी होईल.

तिला त्यांचं पटलं. माझं नाही.

दूध दिलं तिनं. तिच्या हातचं म्हणून प्यायले. आणि मग —

"गोळी दुधात घातली व्हती गं. तू ऐकंनास, मग काय करू मी?"

माझी अक्का.

तिला ओरडले. निदान ओरडायचं होतं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला घरचा वास येतोय. वही उशीवर टेकवून लिहितेय, ती लिहू देते. केसांतून हात फिरवतेय. लहानपणी फिरवायची तसा.

काकू आल्या. मागं बसल्या. पाठीवर हात —

आईची तिरडी. विहीर. आईची — आठवतंय, पण नुसतं आठवतंय. भीती येत नाही. अक्काच्या मांडीवर कधी आलीच नाही भीती.

धाव ना, काळजा. ऋतुजा फितूर झाली, अक्का फसली, तू तरी — माझं आहेस ना तू —

उतरतंय. एक ठोका. मग किती वेळानं दुसरा. सैल पडतंय.

उठायला हवं. अक्काला सांगायला हवं, हात काढ, अक्का, तुझा हात —

नको काढूस. लय बरं वाट