कोपरा भिजवून बघणारे काका

प्रिय काका,

आपल्या लाँड्रीतला कोळशाचा बॉयलर मी आज काढतेय. पाणी आता गच्चीवरच्या सोलरवर तापेल. परवा गावाहून फोनवर तुम्ही भडकलात, "जगभर धूर निघतोय, आपल्या एका धुराड्यानं काय आभाळ कोसळणार आहे? आणि धुरानं ऊन वाढून पुढे वाईटच होईल कशावरून?" फोनवर तुमच्यापुढे कुणाचं चाललंय?

आता ऐका. नवा रंगीत कपडा आला की तुम्ही त्याचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबायचात. जरा शंका आली की तो वेगळा धुवायचा. रंग जाईलच, अशी खात्री तुम्ही कधी मागितली नाहीत. मी कंटाळून म्हणायचे, "एवढ्याशा रुमालानं काय होतंय?" तुम्ही खेकसायचात, "टबातले बाकीचे कपडे तुझ्या बापाचे आहेत का? लोकांनी विश्वासानं टाकलेत."

काका, इथे तर फडक्यावर डागही दिसलाय. यंदाच्या उन्हाळ्यात इस्त्रीवाल्या मावशी दोनदा चक्कर येऊन पडल्या. आणि या टबात ज्यांचे कपडे आहेत, त्यातली कितीतरी माणसं अजून जन्मलीही नाहीत. ती काउंटरवर तक्रार घेऊन येणार नाहीत.

हे पत्र पाठवलं तर मिळेल ती गाडी पकडून याल आणि बॉयलरपुढे ठाण मांडाल. म्हणून ते तुमच्या कपाटात ठेवतेय. आल्यावर वाचा. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. फडकं मात्र नेहमीच्याच खुंटीवर आहे.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
पुतणी