उजवीकडचा झेंडा

गुरुवार, ९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघा ऐकत नाही, तेव्हा उभ्यानेच घे. वहिनीचा खोकला कमी झाला असेल. माझं बरं चाललंय. लॉन्ड्रीत वाफेची नवी इस्त्री आली आहे, ती जुनीपेक्षा जास्त चटके देते. मालक म्हणतात, सवय होईल. ते सगळ्याच बाबतीत असं म्हणतात.

दोन गल्ल्यांपलीकडची बहीण पत्र लिहिते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे तू ओळखलंच असशील. समोर आलास की तू मला हसवतोस, आणि विषय राहून जातो. म्हणून लिहिते.

रविवारच्या फुटबॉल मॅचबद्दल आहे. आपण नेहमीसारखेच उभे होतो. तू मैदानात शिट्टी घेऊन, मी तुझ्या उजव्या हाताला, कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन. ऑफसाइड कशी पकडायची ते मला तूच शिकवलंस. कान पासावर, डोळे ओळीवर. पास देणाऱ्याच्या पायाकडे बघायचंच नाही. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज आला की त्या क्षणी पुढचा गडी बचावाच्या ओळीच्या अलीकडे आहे की पलीकडे, तेवढंच बघायचं. पलीकडे असला तर झेंडा वर, गोल बाद. नंतर तो कुठे पोचला याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

आवाज आला तेव्हा बेकरीवाल्यांच्या टीमचा लंबू अख्खं पाऊल पलीकडे होता. शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. मी झेंडा वर केला. त्याने गोल मारला. तू माझ्याकडे मान वळवलीस, पण हल्ली तुला जितकी वळवावी लागते तितकी नाही. मग शिट्टी वाजवून मध्यरेषेकडे हात केलास, गोल दिलास.

तू माझ्यापाशी येऊन विचारेपर्यंत झेंडा वर ठेवायला हवा होता. मी तो खाली घेतला. शिवाय, गोल बरोबर असला की आम्ही झेंडेवाले कडेकडेने मध्यरेषेकडे धावतो, तशी धावलेही.

पोस्टवाल्यांचा गोली बोंबलत आला. "झेंडा वर होता! मी बघितलाय!"

तू मला विचारलंस, "वर होता का गं?"

"घाम पुसत होते," मी म्हटलं.

"बाईंना रुमाल द्या रे कुणीतरी!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. तूही हसलास.

पोस्टवाले त्या एका गोलने हरले. मॅच संपल्यावर गोली बूट न काढता गवतात बसून होता. मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. दाढ काढताना सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं झालंय. उन्हाळ्यापासून असंच आहे. मी जेवते, इस्त्री करते, झेंडा वर करते. कोणी काही विचारलं तर उत्तरही देते.

उन्हाळ्यापासून तुझा उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. जेवताना उजवीकडचा पेला कलंडतो. वहिनी आता तो डावीकडे ठेवते, का म्हणून विचारलं तर "असंच" म्हणाली. तुझ्या स्कूलबसचा उजवा आरसा शाळेच्या फाटकाला घासून फुटला, तेव्हा तू फाटकाच्या सात पिढ्या काढल्यास. मी म्हटलं, डोळे दाखवून घे. "तुलाच दाखवतो," म्हणत तू डोळे वटारलेस. मी हसले. मी नेहमी हसते.

रविवारी मला बसमधून घरी सोडत होतास, तेव्हा वळणावर उजवीकडून सायकलवाली बाई आली. मी "अरे!" म्हणून किंचाळले. तू म्हणालास, "दिसली की. कशाला गळा काढतेस?" पण तुझा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता, मी बघितला. ब्रेक तिने लावला होता.

दादा, तुला उजव्या बाजूचं दिसत नाही. सोमवारी सुट्टी संपून शाळा उघडते, आणि पोरं बसच्या दोन्ही बाजूंनी धावत येतात.

आई-बाबा गेल्यावर मला कोणी वाढवलं आणि कशाच्या पगारावर, हे मी विसरलेले नाही. स्टिअरिंग सुटलं तर तू कोण उरशील, हा विचार मी इस्त्री करताना रोज करते. तरी आज सकाळी मी शाळेत जाऊन आले. गाड्यांचं काम बघणाऱ्या साहेबांना सगळं सांगितलं, आरशाचंही, सायकलवालीचंही.

त्यांनी विचारलं, "आपण त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "धाकटी बहीण."

मग त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी.

उद्या सकाळी ते तुला बोलावतील. डोळ्यांची तपासणी होईपर्यंत बसची किल्ली ठेवून घेतील. त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे दाराखालून सरकवते आहे.

तू म्हणशील, आधी मला का सांगितलं नाहीस? सांगितलं असतं तर तू काहीतरी बोलून मला हसवलं असतंस, आणि सोमवारी सकाळी बस काढली असतीस.

वहिनीवर चिडू नकोस, तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. डॉक्टरकडे जाशील तेव्हा मी येईन. नको म्हणालास तरी येईन, आणि तुझ्या उजवीकडून चालेन. या ओळीवर येईतो दाढेची ती सुई उतरायला लागली आहे, म्हणून शब्द वाकडे पडलेत. अक्षर लावून घे.

तुझं नाव साहेबांना सांगून आलेली,
तुझीच,
शेंडेफळ