प्रत मागणाऱ्यांविषयी, आणि उरलेल्या मालमत्तेविषयी

मी, वय सेहेचाळीस, धंदा स्वतंत्र छायाचित्रकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि सकाळचा चहा पिऊन डोके ताळ्यावर असताना लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, "शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना काही होत नाही." मी उरलेल्या दोघांच्या वतीने लिहितो आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रोजनिशी मात्र वीस वर्षे लिहितो, तेव्हा तिची सवय इथे जागोजागी दिसेल. वकिलांनी ती खपवून घेतली आहे.

१. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेत जे असेल ते माझ्या पत्नीचे. आतल्या खोलीच्या खिडकीला मी काळा रंग फासून डार्करूम केली होती. तो खरवडून देतो, असे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी म्हणालो होतो. तिने आता माझी वाट न पाहता काच बदलून घ्यावी.

२. दोन्ही कॅमेरे, स्टँड, दिवे व दिव्यांच्या छत्र्या माझ्या धाकट्या भावाला. वाइड लेन्स त्याने सहा वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेली आहे. तीही त्याला दिली असे धरावे, म्हणजे मेल्यावर तरी मला ती मागावी लागणार नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, हा माझा कोतेपणा.

३. एकोणीस हार्ड डिस्क, निगेटिव्हचे सहा पत्र्याचे डबे आणि 'प्रती' असे वर लिहिलेल्या चार वह्या पत्नीच्या ताब्यात राहतील. यातले धाकट्याला काहीही द्यायचे नाही. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर तो म्हणेल दादाने जाता जाता डाव साधला.

गेल्या महिन्यात माझ्या तपासण्या सुरू झाल्यावर तो घरी आला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"दादा, बावीस वर्षांचं काम नुसतं पडून आहे. सगळं साइटवर चढवू. माणसानं आपला चेहरा दाखवायचा, की त्याचे असतील तेवढे फोटो समोर. तुझ्यासारखं आधी वही, मग फोन, मग विचारपूस... लोक कंटाळतात रे."

"आणि दुसऱ्याचा चेहरा दाखवला तर?"

"दुसऱ्याचा कोण कशाला दाखवेल?"

"दाखवतात."

"एका माणसावरून तू सगळ्या जगाला चोर ठरवतोस."

तो एक माणूस कोण, ते कलम पाचमध्ये आहे.

४. धाकट्याला वाटते, मी प्रती द्यायला चिकटपणा करतो. वह्या पाहिल्यास तसे दिसणार नाही. सुरुवातीला माझा नियम सोपा होता: काम ज्याने दिले, फोटो त्याचे, बाकीच्यांनी त्याच्याकडे मागावे. पण फोटोच्या कडेला उभी असलेली माणसे मागायला येऊ लागली. एका समारंभातला वाढपी आला. हातात ट्रे, अंगावर कोट. त्याचा कोटातला तेवढाच फोटो होता. दिला. एक बाई आल्या. त्यांचे वारलेले वडील परक्यांच्या पार्टीत खळखळून हसताना मला सापडले होते. यजमानांना विचारले, तर ते म्हणाले, "यात विचारायचं काय?" बाईंनी पाकीट माझ्या जिन्यातच फोडले.

एका साबणाच्या कंपनीला जाहिरातीसाठी पॅकिंगमधल्या एका कामगार बाईचा फोटो हवा होता. तो मीच कारखान्याच्या वार्षिक अंकासाठी काढलेला. मी तिला विचारायला गेलो. "नको हो, सासरचे घर डोक्यावर घेतील," ती म्हणाली. नाही दिला. एका लग्नातल्या नवऱ्या मुलाच्या मित्राला हिरव्या ड्रेसमधल्या मुलीचा "नुसता तिचाच, मोठा करून" हवा होता. तिला सोबत घेऊन या, म्हटले. तो पुन्हा आला नाही.

हे दोन्ही नकार कलम पाचमधल्या प्रकारानंतरचे आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. आधी मी दोघांनाही फोटो देऊन टाकला असता.

५. सात वर्षांपूर्वी मी एका शाळेचे वार्षिक फोटो काढले. शिक्षिकांच्या एका फोटोत कोणीतरी कॅमेऱ्याबाहेरून काही बोलले आणि चौघी एकदम हसल्या. त्या चार चेहऱ्यांपुरता फोटो कापून मी माझ्या साइटवर नमुना म्हणून लावला. वर्षभराने एक माणूस आला. नीटनेटका, हळू बोलणारा.

"साहेब, ही डावीकडची माझी बहीण. आईला दाखवायचाय. पूर्ण फोटो मिळेल का?"

फोटो फार जिवंत आला आहे, असेही म्हणाला. मी फुगलो. त्याच्यासमोरच पूर्ण फोटो मोठ्या आकारात पाठवला आणि वर लिहिले, 'आईंना नमस्कार सांगा.' पूर्ण फोटोत चौघींच्या मागे शाळेच्या नावाची पाटी होती.

अकरा दिवसांनी मुख्याध्यापिकांचा फोन आला. तो भाऊ नव्हता, नवरा होता. ती त्याच्या मारातून सुटून, नाव-गाव मागे टाकून आली होती. दोन दिवस तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. तिसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या मागच्या दाराने बाहेर पडली ती पुन्हा आलीच नाही. नोकरी गेली, भाड्याची खोली गेली, तीन मैत्रिणीही गेल्या.

या कलमाच्या पहिल्या मसुद्यात 'मला फसवण्यात आले' असे लिहिले होते. खोडले. तो खोटे बोलला हे खरे, पण मी तिला विचारलेच नव्हते. फोन माझ्या टेबलावर होता.

६. म्हणून माझ्यामागे कोणी प्रत मागायला आल्यास असे करावे. मागणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. फोटोत ज्याचा चेहरा आहे त्याला स्वतः शोधून विचारावे, मागणाऱ्याकडून नंबर घेऊन नव्हे. तो 'हो' म्हणाला तर द्यावा. तो सापडला नाही, तर ते 'नाही' समजावे. माणूस हयात नसेल, तर घरच्यांपैकी आपसांत न भांडणाऱ्या एकाला विचारावे. सगळेच भांडत असतील, तर देऊ नये. फोटो कुठल्याही साइटवर चढवू नयेत, विकू नयेत, आणि चेहऱ्यावरून माणूस शोधणाऱ्या कुठल्याही यंत्राला दाखवू नयेत. आमचा आईसोबतचा फोटो धाकट्याला हवा असल्यास त्यात तो, मी आणि आई एवढेच आहोत. त्याने स्वतःला विचारावे.

हे सगळे तिच्या गळ्यात घालणे बरोबर आहे का, असे मी पत्नीला विचारले. ती ग्रंथालयात आहे. "अठरा वर्षं लोकांना 'हे पुस्तक बाहेर नेता येणार नाही' सांगतेय," ती म्हणाली. "मला नाही म्हणायला शिकवू नका."

७. राहिला तो फोटो. त्याचे काय करावे, हे ठरवणे माझ्या हातात नाही. मुख्याध्यापिकांमार्फत मी त्या बाईंना पत्र पाठवले, त्यात आजची वेळ आणि ही कचेरीही कळवली: नष्ट करू का? उत्तर येईल असे वाटले नव्हते. आज वकिलांकडे हा मसुदा वाचला जात असताना त्या स्वतः आल्या. मी उभा राहिलो.

"बसा, तुमचं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या.

"तो फोटो पुसून टाकतो. तुमच्यासमोर."

"पुसायचा कशाला? मी काही चोरी केली नव्हती. मला एक प्रत हवीय. त्या वर्षांतला माझा एकही फोटो माझ्याकडे नाही."

एक साक्षीदार म्हणून आमचे डॉक्टर आले होते, पण वकिलांचा कारकून रजेवर होता आणि दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. बाईंनी कलम सहा मागून घेतले आणि दोनदा वाचले. "मी करते सही," त्या म्हणाल्या.

वकील म्हणाले, "बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. फोटो तरी घ्या, नाहीतर सही तरी करा."

मी म्हणालो, "मृत्युपत्रातून कशाला? आत्ताच देतो." सोबत आणलेल्या डिस्कवरून खालच्या दुकानात मोठी प्रत काढून आणली आणि त्यांच्या हातात दिली. ती मी जिवंतपणी दिली आहे, वारसा म्हणून नव्हे, याची नोंद घ्यावी. मूळ फोटो पत्नीकडे राहील आणि बाईंच्या शब्दाशिवाय कोणालाही दाखवला जाणार नाही.

"आता पत्ता सांगा," वकील म्हणाले.

"पत्ता देणार नाही."

"उद्या साक्षीला बोलवायचं झालं, तर तुम्हाला शोधायचं कुठं?"

"यांच्या पत्नीकडे माझा नंबर ठेवते. त्यांना विचारा. त्या मला विचारतील. मी हो म्हटलं, तर सांगतील."

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना तसेच लिहायला सांगितले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी, व माझ्यासमोर त्यांनी, सही केली.

ठिकाण: वकिलांची कचेरी, पहिला मजला
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

(सही) लिहून ठेवणारा, छायाचित्रकार

साक्षीदार
१. (सही) आमचे डॉक्टर. पत्ता: दवाखाना, याच इमारतीचा तळमजला.
२. (सही) शिक्षिका. पत्ता: कलम सातप्रमाणे, त्यांना विचारून.